पोवळ्यावरची पाच बोटं

शोभेच्या माशांच्या दुकानामागच्या खोलीत ती काचेच्या टाक्यांत ठेवून आजारी, जिवंत पोवळी बरी करायची. लोक तिला सुईणबाई म्हणत. सासूला ते मुळीच पटत नसे. "दगडाला कसली आलीय सुईण!"

एकदा म्हातारा घड्याळजी बादलीत जांभळं पोवळं घेऊन आला. "बायको गेली. तिनं आठ वर्षं वाढवलंय. हे जगलंच पाहिजे, सुईणबाई."

पोवळ्यावरचं मांस पाच ठिकाणी सोलवटून आतलं पांढरं हाड दिसत होतं.

"वहिनी हात लावायच्या का याला?"

"रोज उचलून पुसायची, लेकरासारखं."

"तेच भोवलं. उघड्या हाताची पकड याला सोसत नाही."

तिनं सडलेली कड चिमट्यानं तोडली, आयोडीनच्या पाण्यात बुडवलं, मंद उजेडात ठेवलं. रोज सांजेला नळीनं कोळंबीचा लगदा भरवला. तीन आठवड्यांत पाचही डागांवर पातळ जांभळी कातडी आली.

एका सकाळी बघते तर पाचही पुन्हा पांढरे! कुलूप जसंच्या तसं, किल्ली तिच्याच कमरेला. आधी अर्थातच सासूवर संशय.

"मी? त्या मेल्या दगडाला? मला माझे गुडघे उचलवेनात!"

सुईणबाईनं काचेवर पंजा धरून मापलं. डाग तिच्या बोटांहून बारीक होते. सासूची बोटं तर याहून जाड.

पुन्हा भरलं, पुन्हा सोललं. तिसऱ्यांदा ते तगणार नव्हतं. तिनं घड्याळजीला बोलावून स्पष्टच सांगितलं, "दादा, वहिनींना आवरा."

तो हसला नाही. काचेला तोंड लावून म्हणाला, "अगं, पुरे आता. मी बघतो त्याचं. सोड." मग बाही सारून त्यानं पोवळ्याशेजारी पाण्यात हात घातला, पंजा उघडा ठेवून. बराच वेळ तसाच बसला.

"पाणी कोमट ठेवता ना तुम्ही?"

"ठेवावंच लागतं."

"मग माझा हात का गारठलाय?"

ती ओढायला धावली. त्याची बोटं कशावर तरी मिटली होती.

"राहू द्या," तो हळूच म्हणाला. "आत्ता कुठे सोडलंय तिनं त्याला."

महिनाभर तो रोज येऊन तसा बसला. पोवळं भरलं ते भरलंच. घरी नेताना बादली त्यानं डाव्या हातात धरली. उजवा हात अंगापासून जरा लांब होता, बुटक्या बाईला धरता येईल एवढा खाली. दारातून बाहेर पडताना तो अंग चोरून सरकला, दोघांना जागा व्हावी म्हणून.