कुत्र्याच्या हिरड्यांवरची लाल रेघ

आमच्या कुत्र्याच्या तोंडाला वास यायला लागला, तेव्हा घरात सगळ्यांनी मलाच वेड्यात काढलं. "कुत्र्याच्या तोंडाले का अत्तराचा वास येईन?" असं नवऱ्याचं म्हणणं. पण मी जात्याच काळजीखोर. रश्श्यातला भात तो एकाच बाजूनं चावायला लागला आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिना. म्हातारं कुत्रं, त्यात जेवण सुटलं तर संपलंच.

मुलचेऱ्याहून गाडी करून त्याला चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून दाखवलं. दातांवर पिवळा थर आणि हिरडीच्या कडेनं लाल रेघ. भूल देऊन दात साफ करता येतात, पण याचं हृदय ती सोसेल याची खात्री नाही, म्हणाले. म्हणून जेवणावर भुरभुरायला समुद्री शेवाळाची पावडर दिली. "जुना थर निघणार नाही. नवा कमी बसेल, कदाचित. पण वेळ लागतो."

वेळ लागतो म्हटलं की माझा जीव अर्धा होतो. मी रोज सकाळी त्याचा ओठ उचलून बघायची. सासूबाई ओसरीवर गुडाखू घासत माझी मजा बघायच्या. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. आमच्याकडे कितीतरी बायका त्यानंच दात घासतात.

"भातावर भुकटी टाकून दात साफ होते का वो? घासा लागते," त्या म्हणायच्या.

एका सकाळी मी तळ्यावरून मासळी घेऊन आले, तर कुत्रं अंगणात थरथरत पडलेलं. तोंडातून लाळेची धार, बाजूला ओकारी. सासूबाई डोक्याला हात लावून बसलेल्या, बोट अजून काळं.

"आई, काय केलं?"

"जरासाच लावला वो. मले गुण येते, त्याले बी येईन म्हटलं."

मी इतकी घाबरले की रागवायचंही सुचलं नाही. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तोंड ओल्या फडक्यानं पुसून तडक जवळच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथं सलाईन लागलं. सासूबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन, "नाई बापा, नाई करत आता," एवढंच म्हणत राहिल्या. संध्याकाळी तो उठून पाणी प्यायला आणि मी तिथेच रडले.

पुढं पावडर चालू ठेवली. हळूहळू ती लाल रेघ फिकी झाली. मी हौसेनं सासूबाईंना बोलावून दाखवलं. त्या बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मले बी टाकत जा ना वो भातावर."

"तुम्हाला कशाला? दाखवा बघू, आ करा."

आधी टाळलं, मग केलं. तोंड दोन बोटांएवढंच उघडलं. गालात, जिथं गुडाखू धरतात तिथं, पांढरा चट्टा होता.

"कधीपासून आहे हे?"

"होळीपासून तिखट खाववत नाई."

मी नवऱ्याला फोन लावला आणि म्हटलं, उद्याच गडचिरोलीला मोठ्या दवाखान्यात जायचंय.

"आता काय झालं कुत्र्याले?" त्यानं विचारलं.