डाव्या मनगटावरची मोसंबी

आमची थोरली पुण्यात अत्तरं बनवणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. मी मात्र लोकांना 'केमिकल कंपनीत आहे' असंच सांगायचो. पोरगी दिवसभर वास घेते, हे सांगायला जीभच रेटत नव्हती.

मे महिन्यात माझ्या भाचीचं लग्न होतं. थोरलीला सुट्टी मिळाली नाही, पण तिनं एक इवलीशी कुपी पाठवली. तिनं एकटीनं जुळवलेलं पहिलं अत्तर. मोसंबीची साल आणि मोसंबीचं फूल. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते तिच्या साहेबांपुढं जाणार होतं. फोनवर म्हणाली,

"एसीत काय, सगळंच टिकतं पप्पा. आपल्या उन्हात टिकलं तर खरं. डाव्या मनगटाला लावा, दिवसभर दुसरा वास लागू देऊ नका. आणि कुणाला आधी सांगायचं नाही."

"पण हे बायकांचं का बाप्यांचं?"

"दोघांचं."

आमच्या घरात दोघांचं म्हणून आजवर टूथपेस्ट आणि बीपीची गोळी एवढंच होतं.

सकाळी नऊला लावलं. पालीजवळच्या मंगल कार्यालयात पोचलो, तर दारातच दाजी, म्हणजे नवरीचे वडील, अत्तराचा फाया घेऊन उभे. यजमानानं हाताला अत्तर लावणं हा आमच्याकडं पाहुण्याचा मान. त्यात मी नवरीचा सख्खा मामा. आणि मी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"कावून हो? आमचं अत्तर चालंना का मामाला?"

"तसं न्हाई दाजी, ॲलर्जी हाय."

"मागच्या लग्नात तर कानात फाया घालून मिरवत होते!"

दाजींनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. अक्षता पडेपर्यंत मी डावा हात वाहतूक हवालदारासारखा वर धरून हिंडत होतो. हुंगून हुंगून शेवटी मलाच वास येईना. उडालं की काय? पोरीला काय सांगू?

पंगतीत दाजी स्वतः जिलेबी वाढायला आले. दोन वाढल्या. तिसरीला मी डावा हात ताटावर आडवा धरला. आता मात्र भडकलेच. हात बाजूला सारायला ओणवले आणि तसेच थांबले. अर्धं आयुष्य मोसंबीच्या बागेत घालवलेला माणूस. माझं मनगट त्यांनी नाकाशी नेलं.

"अरं, ह्या दिवसांत मोसंबी कुठं फुललीय?"

"आमच्या पोरीनं फुलवलीय, दाजी," म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं. मग जिलेबी तशीच सोडून, हात धुऊन, कार्यालयामागं जाऊन थोरलीला फोन लावला, दाजींनी वास ओळखल्याचं सांगितलं.

"किती वाजलेत?" तिचा पहिला प्रश्न.

"दीड."

"साडेचार तास! पप्पा, सालीचा वास लवकर उडतो, मागं फूल टिकायला हवं. नीट आठवा. फळ म्हणाले का फूल?"

"फुललीय म्हणाले. फूल."

 पलीकडून तिचं ते कामाचं नाक रडून चोंदल्याचा आवाज आला.

परत येऊन दाजींपुढं उजवा हात केला. "लावा आता."

"ते ऱ्हाऊ द्या. पोरीचं उरलंय का?"

खिशातल्या कुपीत तळाशी थोडं होतं. ते दाजींना लावलं. तेवढ्यात अक्कानं, माझ्या बहिणीनं, हात पुढं केला. "बायकांना चालतंय का रे?"

"दोघांचं हाय, अक्का!"

मग दाजी मांडवभर ज्याला त्याला मनगट हुंगवत फिरले. त्यांच्या मागं मी. कुणी विचारायच्या आत सांगत होतो, "आमची पोरगी वास घेते. नोकरीच हाय तिची."