गादीच्या कडेचं बटण

सात रस्त्याजवळच्या त्या गाड्यांच्या वायरमनला मी कधी नाव विचारलं नाही. तोही मला नुसतं 'साहेब' म्हणून मोकळा होतो. आमच्या जुन्या व्हॅनमध्ये झोपायची सोय केली, तेव्हा बॅटरीवरचे एलईडी दिवे त्यानेच बसवले. वायरची टोकं दाताने सोलायची आणि "लई उजेड बरा न्हाय, माणूस झोपंल कसं?" असं दिव्यालाच विचारायचं, ही त्याची सवय.

बटणाची जागा मी उशीच्या वरच्या पत्र्यावर पेन्सिलने आखून ठेवली होती. त्याने तिकडे बघितलंही नाही. मला जरा रागच आला. तो माझ्या बायकोकडे वळला.

"वैनी, हितं पडा की जरा. डोळं मिटा. अंधार झालाय समजा, आता बटण शोधा."

गेल्या वर्षीच्या आजारापासून हिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तो गादीच्या कडेलाच चाचपडत राहिला.

"बास," म्हणत त्याने नेमकी तिथेच खूण केली.

परवा अक्कलकोटच्या वाटेवर मुक्काम केला. अंधारून आलं, तसा मी सवयीने दिवा लावायला उठू लागलो.

"बसा हो तुम्ही," ही म्हणाली, आणि दिवा लागला.