शलमोन मास्तरांची मोटार

इंग्रज निघून गेले त्या वर्षी नगरच्या कॅम्पातल्या एका साहेबाने आपली बिनटपाची, दोनच माणसं बसतील अशी शर्यतीची मोटार शलमोन भांबळ मास्तरांना देऊन टाकली. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मास्तर मिशनच्या शाळेत गाणं शिकवायचे. आजवर त्यांनी उघडली होती ती फक्त बाजाची पेटी. पण माणूस हट्टी. लिंबाखाली उताणे पडून त्यांनी वर्षभर नट पिळले, तेलाने सदरे काळे केले आणि बायकोची, हन्नाबाईंची, बोलणी खाल्ली.

एका रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी हँडल मारलं आणि मोटार चक्क खोकत सुरू झाली. मास्तर हर्षाने आत बसले, हाताशी आलेली दांडी ढकलली आणि गाडी चर्चच्या मैदानात निघाली. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की मोटार दुरुस्त करण्याच्या नादात चालवायला शिकायचं राहूनच गेलं.

बैलगाडीच्या चालीने मोटार गोल फिरू लागली.

"अहो, थांबवा की!" हन्नाबाई ओरडल्या.

"कशी थांबवू?" म्हणत मास्तर पुढे गेले.

पुढच्या फेरीला हन्नाबाईंनी विचारलं, "जेवायला येणार ना?"

"पेट्रोल संपलं की येतो!"

मग मात्र हन्नाबाईंनी लुगडं खोचलं, मोटारीबरोबर चार पावलं धावल्या आणि बुटकं दार उघडून नवऱ्याशेजारी जाऊन बसल्या. मंडळींनी टाळ्या पिटल्या. थोड्याच वेळात मोटार आचके देत थांबली. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

हन्नाबाई काही उतरेनात.

"एवढंच घातलं होतं व्हय पेट्रोल?" त्या रागाने म्हणाल्या.