चाबी कोनापाशी राहीन?

रस्त्याच्या कोपऱ्याचं घर नेहमी सगळ्यात आधी विकलं जातं. उजेड जास्त, वारा जास्त, एका बाजूला शेजारी नाही. त्या चार रो-हाऊसच्या रांगेत मात्र उलटं झालं होतं. बाकीची तिन्ही विकली गेली होती, तिथे माणसं राहायलाही आली होती. कोपऱ्याचं तेवढं कुलूपबंद. असं का, म्हणून मी बिल्डरच्या सुपरवायझरला, मनोजला, विचारलं.

"तुमच्या नशिबानं राह्यलं मॅडम," तो म्हणाला.

नशिबासाठी माझ्या रिपोर्टमध्ये रकाना नाही.

मी सिव्हिल इंजिनिअर. वाशिममध्ये बावीस वर्षं व्हॅल्युएशन करते. म्हणजे घर तपासून त्याची खरी किंमत काय आणि त्यात खोट काय, हे लिहून देते. बहुतेक काम बँकांचं. हे खासगी होतं. आसेगावचे वानखडे सर, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले, आणि त्यांची बायको कमलबाई. एकुलती मुलगी कॅनडात. तिचं बाळंतपण जवळ आलेलं, म्हणून दोघं कायमचे तिकडे राहायला निघाले होते. गावातल्या घराचा हिस्सा सरांनी भावाला देऊन टाकला होता. त्यावर कमलबाईंनी अट घातली. इथे स्वतःच्या नावाचं घर झाल्याशिवाय त्या विमानात बसणार नव्हत्या.

"लेकीच्या घरी किती दिवस राहाव?" त्या मला म्हणाल्या. "उद्या पटलं नाही तं यायले आपलं दार पाह्यजे."

म्हणून हे घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची, पुढे टाइल्स लावलेलं अंगण. झाड नाही, माती नाही. दोन-तीन वर्षं कुलूप लावून ठेवलं तरी काही करावं लागू नये, एवढीच अपेक्षा. मनोज सारखं 'झिरो मेंटेनन्स' म्हणत होता. हे दोन शब्द ऐकले की मी बॅटरी बाहेर काढते.

भिंती ठोकून पाहिल्या. ओल नाही. सगळे नळ एकदम सोडले, कुठे तुंबलं नाही. दारं सरळ, खिडक्या घट्ट. बांधकाम चांगलं होतं, आणि त्यामुळेच माझा संशय वाढला. चांगलं बांधकाम, कोपऱ्याची जागा, भाव शेजारच्या घरांपेक्षा कमी. यातली एक गोष्ट खोटी असणार.

तेवढ्यात शेजारची बाई चहा घेऊन आली. चौकशी केली, कॅनडाचं ऐकून हरखली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "काकू, चाबी कोनापाशी राहीन तुमची?"

सर म्हणाले, अजून ठरलं नाही. दहा मिनिटांनी दुसऱ्या घरातले गृहस्थ स्कूटर लावताना थांबले. नमस्कार, विचारपूस, आणि पुन्हा तोच प्रश्न. शेवटच्या घरातले आजोबा तर सरळच म्हणाले, "चाबी माह्यापाशी ठेवा गुरुजी. मी दिवसभर घरीच असतो."

सरांना शेजार चांगला वाटला. कमलबाईंनी पदर खोचला आणि मला बाजूला घेतलं. "तिघाईले बी आमच्या चाबीची काहून पडली?"

मलाही तेच वाटत होतं. बंद घरात आधी कोणाची तरी सायकल येते, मग गव्हाची पोती, मग पाहुणे. मालक परत येतो तेव्हा त्यालाच दार वाजवावं लागतं. अशी घरं मी पाहिलेली आहेत. पण तिघं मिळून कब्जा करणार असते, तर एकेकाने अशी उघडपणे किल्ली मागितली नसती. आणि प्रश्न निघाला की मनोज लगेच विषय बदलत होता. शेजाऱ्यांना काय हवंय, ते त्याला माहीत होतं.

मी पुन्हा गच्चीवर गेले. सेप्टिक टँकला, म्हणजे संडासाच्या टाकीला, गॅस बाहेर जाण्यासाठी एक उभा पाइप लागतो. तो गच्चीच्या वर काढतात. चार घरांच्या चार गच्च्या माझ्यासमोर होत्या. पाइप एकच होता. आमच्याच भिंतीला.

खाली येऊन मनोजला विचारलं, बाकीच्या तीन टाक्या कुठे आहेत. मागे, तो म्हणाला. मागे दोन फुटांची बोळ होती. तिथे टाकी सोडा, टाकी खणणारा माणूस मावला नसता.

अंगणातल्या टाइल्स मी एकेक ठोकत गेले. फाटकाजवळच्या एकीचा आवाज पोकळ आला. तिच्या कडा सिमेंटने भरलेल्या नव्हत्या, नुसता पांढरा भराव होता. मनोजकडे सब्बल, म्हणजे पहार, मागितली. तो म्हणाला, मालकाला विचारावं लागेल. विचारा म्हटलं, आणि तोवर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून कपड्याच्या निळीची बाटली आणली. चहावाल्या बाईला ती दिली आणि बादलीत कालवून, मी हाक मारली की तुमच्या संडासात ओता म्हणून सांगितलं. तिने कारण विचारलं नाही. मान खाली घालून बाटली घेतली.

शेवटी मनोजने सब्बल आणली आणि टाइल निघाली. खाली लोखंडी झाकण, झाकणाखाली चेंबर. हाक मारली. मिनिटभराने निळंशार पाणी आलं आणि आमच्या टाकीत गेलं. मग दुसऱ्या घराचं. मग आजोबांचं.

चार घरांची घाण एका टाकीत, आणि टाकी कमलबाईंच्या अंगणात. ती भरली की उपसायच्या गाडीचा पाइप आमच्याच फाटकातून येणार. फाटक बंद असेल, तर तीन घरांचे संडास तुंबणार. एकदा मनोज लग्नाला गेला होता तेव्हा चार दिवस तसं झालंही होतं. किल्ली त्यासाठी हवी होती. भाव कमी होता आणि घर उरलं होतं, तेही त्यामुळेच.

"आधी सांगायचं होतं ना," मी त्या बाईला म्हटलं.

"नव्या मानसाले पयलीच गोष्ट संडासाची कशी सांगाव मॅडम?"

बिल्डरला फोन लावला. तो म्हणाला, तुमचं काम व्हॅल्युएशनचं आहे, प्लंबिंगचं नाही.

"मंजूर नकाशात चार टाक्या आहेत," मी म्हटलं. "बाकीच्या तीन दाखवा, त्यांचंही व्हॅल्युएशन करते. नाहीतर नगरपरिषदेला दाखवा."

संध्याकाळच्या आत तो स्वतः आला. भाव आणखी कमी करायला तयार होता. सर कबूल व्हायला आले होते, कारण विमान तीन आठवड्यांवर होतं. कमलबाईंनी त्यांना बोलू दिलं नाही.

"भाऊ, मी परत येईन तवा मले माह्यं घर पाह्यजे," त्या बिल्डरला म्हणाल्या. "तीन घराईच्या संडासाचं फाटक नाही. टाक्या खंदा, मंग सही करतो."

तिन्ही घरांपुढे खड्डे सुरू झाले. त्यांची नवी फरशी फुटली. चहा बंद झाला. आजोबा मला पाहिलं की तोंड फिरवायचे. दोन टाक्या वेळेत झाल्या. तिसऱ्या खड्ड्यात कातळ लागला. ठरलेल्या तारखेला सर एकटेच गेले. कमलबाई रोज आसेगावहून यायच्या आणि खड्ड्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. मी तिन्ही घरांत पुन्हा नीळ ओतली, आमचं चेंबर कोरडं राहिलं, तेव्हा त्यांनी सही केली. त्या कॅनडात पोचल्या तेव्हा नात नऊ दिवसांची होती.

पुढच्या आठवड्यात मुलीचा फोन आला. आभाराचा असेल असं मला वाटलं.

"मॅडम, एका टाकीपायी माझी आई माझ्या बाळंतपणाला नव्हती," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिचं म्हणणं चूक नव्हतं. माझा रिपोर्टही चुकीचा नव्हता. घर आज बंद आहे, अंगण कोरडं आहे, आणि कमलबाई अजून तरी परत आलेल्या नाहीत.

परदेशी जाण्याआधी घर घेणारे आता वर्षाला आठ-दहा जण तरी माझ्याकडे येतात. मी त्यांना एकच सांगते. आधी घर बघा, तिकीट नंतर काढा. तुमची तारीख विकणाऱ्याला कळली, की त्याला काही लपवावं लागत नाही. नुसता उशीर केला तरी पुरतो.