मालकाचा रकाना

लाजवंतीबाई मिरचीचं पोतं कधी वरून पाहत नसत. भिवापूरहून माल आला की बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालायच्या, तळातली मूठ काढायच्या आणि एक मिरची कानाशी नेऊन मोडायच्या. कडक आवाज आला नाही, तर पोतं परत. जुन्या व्यापाऱ्यालाही यातून सूट नव्हती.

मी त्यांच्याकडे गेले ती पंचाहत्तर साली. स्त्रिया आणि बाहेरून येऊन नागपुरात वसलेली माणसं स्वतःचे धंदे कसे उभारतात, याची पाहणी आमच्या कॉलेजातले सर करत होते. मी त्यांची मदतनीस. सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या लाजवंतीबाईंचा जरीपटका वस्तीत मसाल्याचा कारखाना होता, दहा-बारा बायका कामाला होत्या. माझा छापील फॉर्म त्यांनी उलटसुलट करून पाहिला. कोणी पाठवलं, बाप काय करतो, सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "कागद ठेव तिकडं. देठं खुड."

तीन दुपारी मी बायकांच्या रांगेत बसून देठं खुडली. हातांची नुसती आग झाली. तिसऱ्या दिवशी त्या आपणहून बोलल्या. फाळणीच्या वेळी त्यांच्या घरी दोन सभ्य माणसं वही घेऊन आली होती. खोल्या किती, माणसं किती, विचारत होती. आईनं सरबत देऊन सगळं सांगितलं. पंधरा दिवसांनी तीच वही घेऊन दुसरी माणसं आली आणि घर सोडायला लावलं.

"पहिले वही येते, मंग माणसं येतात," त्या म्हणाल्या. "मी काहून सांगू वं तुले?"

मालकाच्या रकान्यात त्यांनी नवऱ्याचं नाव लिहायला लावलं. पाटीवरही तेच होतं. नवरा नागपुरात आल्यावर वर्षभरातच वारला होता, हे मला शेजारच्या बाईकडून कळलं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "पाटीवर बाईचं नाव दिसलं का व्यापारी ओला माल देते."

मी सरांना खरं काय ते सांगितलं. पाटीवर आहे तेच लिहा, असं ते म्हणाले.

अहवाल छापायला जाण्याआधी टाइप केलेली प्रत घेऊन मी लाजवंतीबाईंकडे गेले. वस्तीत स्त्रीच्या मालकीचा एकही धंदा आढळला नाही, असं त्यात होतं. मला वाटलं, त्या निर्धास्त होतील. त्यांनी हात वर करून काम थांबवलं आणि ते वाक्य मला सगळ्या बायकांना पुन्हा वाचून दाखवायला लावलं.

"मंग आम्ही कोण आहो वं?" लाजवंतीबाईंनी हळूच विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना अहवालावरचं माझं नाव काढायला सांगितलं. लाजवंतीबाईंचं नाव घालणं माझ्या हाती नव्हतं. माझं काढणं होतं.