अप्पांना झोप न लागलेला सिनेमा

आमचे अप्पा सिनेमाला जायचे ते झोपायला. हा टोमणा नाही, घरात सगळ्यांना माहीत होतं. ते सोलापुरात कापड गिरणीत होते, कापसाच्या गाठी फोडून पिंजतात त्या खात्यात. पाळी संपवून आले की भुवया, मिशा, कान, सगळं पांढरं. दाराबाहेर आई बादली भरून ठेवायची आणि अंघोळ झाल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडू द्यायची नाही, कारण कापूस घरभर उडायचा. पत्र्याच्या घरात मे महिन्यात त्यांना रात्री दम लागायचा. भिंतीला टेकून बसून राहायचे. म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी आई त्यांना गार हवेच्या टॉकीजमध्ये घेऊन जायची. त्यातही इंग्रजी सिनेमा बरा. गर्दी नाही, शिट्ट्या नाहीत, आणि भाषा कळत नाही त्यामुळे माणूस लवकर झोपतो, असं आईचं गणित होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं की धुळीतलं काम सोडा, नाहीतर छाती कायमची जाईल. गिरणीच्या गेटवर एक जागाही मिळत होती. पण अप्पांचं शास्त्र वेगळं. सुट्टी संपवून कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती गच्च व्हायची आणि पुढे आठवडाभर हळूहळू सैल पडायची. त्यावरून त्यांनी ठरवलं होतं, "सुट्टीनं छाती भरतीया आन् कामानं मोकळी हुतीया. डॉक्टरला काय कळतंय?" त्यांच्या खात्यातले सगळे असंच म्हणायचे. मग कोण कुणाला समजावणार?

आई रोज सकाळी विचारायची, "कसं वाटतंय?" उत्तर ठरलेलं, "बरं हाय की." ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रात्रभर छातीतून शिट्टी वाजणारा माणूस सकाळी बरं हाय म्हणतो, आणि वर आपल्यालाच वेड्यात काढतो. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. हे असेच एक दिवस बरं हाय म्हणत म्हणत जातील, ही ती भीती.

त्या दिवशीचा सिनेमा अंतराळात गेलेल्या चार माणसांचा होता. मी शाळेत इंग्रजी शिकत होते म्हणून आईने मला दुभाषी नेमलं. मला कळत होतं ते तोंडी लावण्यापुरतं. त्यांचं यान बिघडलेलं आहे, परत फिरता येत नाही, आतली हवा संपत चालली आहे, एवढं मी सांगितलं. "मग खाली उतरत का न्हाईत?" आई म्हणाली. मी म्हटलं, "उतरायला खाली काही नाही." तिला ते पटलं नाही. अप्पांनी डोळ्यांवर पंचा ओढला होता.

मग पडद्यावरचं बोलणं थांबलं आणि नुसते श्वास ऐकू यायला लागले. त्या काचेच्या टोपांमधले, ओढून घेतलेले श्वास. सगळं थिएटर त्या आवाजाने भरून गेलं. आई झटकन अप्पांकडे वळली. तिला वाटलं, आवाज ह्यांचाच. मलाही तसंच वाटलं होतं. अप्पांनी पंचा काढला होता आणि ते सरळ बसून बघत होते.

चौघांमधला एक जण होता, सगळ्यांत धडधाकट. हवा विरळ झाली तशी बाकीचे तिघे घाबरले, हवेच्या नळ्या तोंडाला लावून पडून राहिले. हा मात्र हसायला लागला. गाणं म्हणायला लागला. म्होरक्या त्याला नळी देत होता, हा ती ढकलून देत होता. अप्पांनी माझा दंड धरला आणि विचारलं, "काय म्हनतोय त्यो?"

"म्हणतोय, मला काही झालेलं नाही. मला बरं वाटतंय."

अप्पांनी दंड सोडला नाही. थोड्या वेळाने तो माणूस हसत हसतच गेला. बाकीच्या तिघांना दुसरं यान येऊन घेऊन गेलं. आईने पदराने डोळे पुसले.

घरी येताना आईने चिडवलं, "आज झोप न्हाई व्हय लागली? फुकट गेलं की तिकीट." बरंच पुढे आल्यावर अप्पा म्हणाले, "त्यो हसत हुता गं." आई म्हणाली, "सिनेमा हाय त्यो." "हाय की," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गिरणीचा भोंगा झाला. सुट्टीनंतरचा पहिला दिवस. अप्पा पायरीवर बसून चपला घालत होते. आईने डबा हातात दिला आणि रोजच्यासारखं विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरं हा..." म्हणून ते थांबले. डबा मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "न्हाय. बरं न्हाय. लई दीस झालं, बरं न्हाय."

गल्लीत लोक जागे झाले होते. तरी आई त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. तिला तसं बसलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "मग आज गेटचं इचारा," ती म्हणाली.

"इचारतो," अप्पा म्हणाले.

गेटवरची जागा मिळायला पावसाळा उजाडला. मधल्या काळात अप्पांचं मन दोनदा फिरलं, आणि दोन्ही वेळा आईने त्यांना त्या हसणाऱ्याची आठवण करून दिली. गेटवरच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी तिने सवयीने बादली भरून दाराबाहेर ठेवली होती. अप्पा आले ते काळ्या भुवयांनी, काळ्या मिशांनी, आणि सरळ घरात शिरले. आई बादलीपाशी उभीच राहिली. "आता ह्या पान्याचं काय करू?" ती मला म्हणाली आणि रडायला लागली.